पोस्टरची चोरी पकडणं अवघड का जातं? : पार्श्वभूमी

पोस्टर छापलं जातं ते भिंतीवर डकवून पुढे फाडून टाकायलाच. त्याची पावती मुळात कुणी फाडत नाही, आणि पन्नास वर्षांनी भांडण लागतं ते इथेच.

1966मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन या सभागृहांतल्या रॉक मैफलींसाठी वेस विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो, स्टॅन्ली माउस, आल्टन केली यांनी पोस्टरं केली. खांबावर लागली की लोक ती काढून घरी नेत; म्हणजे चोरीची सुरुवात अशी कौतुकातूनच झाली. मागणी पाहून काही पोस्टरं पुन्हा छापली गेली. मैफलीआधीची पहिली छपाई महाग, नंतरची स्वस्त, आणि दिसायला दोन्ही जवळपास सारखी. चोराच्या हे पथ्यावरच पडतं.

वस्तू एकमेव असेल तर ती उशिरा का होईना सापडते. ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीची हॉफ्नर कंपनीची बेस गिटार 1972मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली आणि 2024मध्ये ती परत मिळाल्याचं जाहीर झालं. 2006मध्ये योको ओनोंकडून चोरीला गेलेल्या त्यांच्या पतीच्या, ‘बीटल्स’च्याच जॉन लेननच्या डायऱ्या 2017मध्ये बर्लिनमध्ये हाती लागल्या. उलट ‘ईगल्स’ या बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ गाण्याच्या हस्तलिखित कागदांचा न्यूयॉर्कमधला खटला 2024मध्ये सरकारी पक्षाने अर्ध्यावरच मागे घेतला. कागद चोरले की दिले, हाच वादाचा मुद्दा होता.

बडोद्याला हा पेच नवा नाही. राजा रविवर्म्यानं सयाजीराव महाराजांसाठी पौराणिक चित्रं रंगवली. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही कल्पना त्याला सुचवली ती बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी. 1894मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरातून अशी तसबीर गेली, तर ‘ही आमचीच’ हे सिद्ध कशावर करणार? फ्रेम तर चोर आधी फेकतो.

म्हणून नोंद कागदाचीच ठेवावी. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यावी. चारही कोपरे आणि मागची बाजू यांचे फोटो काढावेत. दिवा एका बाजूने तिरका धरून आणखी एक काढावा. त्यात घड्या आणि टाचणीची भोकं उठून दिसतात. कडेच्या खुणांवर मात्र विसंबू नये, कारण क्रमांक घालवायला कडाच कापतात. चित्राच्या आतली खूण हेरावी: एखादा रंग केसभर सरकलेला असतो, आणि तो प्रत्येक प्रतीत वेगळा सरकतो. वॉर्निश केलेल्या तसबिरीत तड्यांची जाळी हीच ओळख.

नक्कल ताडायला दहापट भिंग पुरतं. रविवर्म्याच्या तसबिरींसारख्या दगडावरच्या जुन्या छपाईत ठिपके हाताने टाकलेले, वेडेवाकडे असतात. ओळीत बसलेले दिसले तर छपाई बहुधा नंतरची. रॉक पोस्टरं मात्र ऑफसेटवरचीच, तिथे ठिपक्यांवरून निकाल देऊ नये. अक्षरांच्या कडा पाहाव्यात. मूळ पोस्टरात रंग सलग भरलेला असतो, तर फोटोवरून केलेल्या नकलेत कड ठिपक्यांत विरते.

मागे शाईने नाव घालायचा मोह होतो, पण शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीची बारीक खूण करावी. फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. पोलिसांत फिर्याद देताना तीच जोडायची.