न्यूट्रलमध्ये उतरलेला घाट

बोरघाट उतरून खोपोलीकडे आले की रस्त्याच्या कडेला हमखास दोन-चार ट्रक उभे दिसतात. इंजिन चालू, ड्रायव्हर खाली उतरलेला आणि मागच्या चाकांतून निळसर धूर. जळक्या ब्रेक लायनरचा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तिथल्या एका टपरीवर मी चहाला थांबलो होतो, तेव्हा एका पोरसवदा ड्रायव्हरने पाण्याचा कॅन उचलून चाकावर ओतायला घेतला. शेजारच्या गाडीतला म्हातारा केबिनमधूनच ओरडला, "पाणी नको मारू रे, ड्रम तडकंल! गार होऊ दे आपसूक." मग खाली उतरून त्याने विचारले, "कुठल्या गिअरमधी उतरलास?" पोरगा नुसता हसला.

तडकण्याचे कारण घराघरात ठाऊक आहे. बिडाचा तापलेला तवा कोणी नळाखाली धरत नाही, आणि ट्रकचा ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा आणि आतून लायनरच्या पट्ट्या घासून थांबवला जाणारा गोल डबा, हाही बिडाचाच असतो. पण म्हाताऱ्याने विचारलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. त्या प्रश्नात उष्णताशास्त्र आहे, आणि जरा खोदले तर गाडीमालकाच्या हिशेबाची वहीसुद्धा आहे.

आधी उष्णता. मालासकट ४० टनांचा ट्रेलर घ्या. खंडाळ्याहून खोपोलीला येताना तो ढोबळमानाने ५०० मीटर खाली उतरतो. उंचीवर असताना त्याच्यात साठलेली ऊर्जा खाली येईपर्यंत कुठेतरी जिरवावीच लागते, आणि ती भरते जवळजवळ २० कोटी ज्यूल. ताशी ६० किलोमीटरने धावणारा हाच ट्रेलर एकदा पूर्ण थांबवायला साधारण ५५ लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे एक घाट उतरणे हे साठच्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्यासारखे आहे, आणि तेही वीसेक मिनिटांत. दीडशेहून जास्त इस्त्र्या वीस मिनिटे सलग चालू ठेवल्या तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी ही होते. टायरचे घर्षण आणि समोरचा वारा मिळून यातला जेमतेम पाचवा हिस्सा खातात. उरलेले इंजिनाने घ्यायचे की ब्रेकने, एवढाच प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर गिअरचा दांडा देतो.

खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवली की चाकेच इंजिनाला फिरवतात. इंजिन हवा ओढते, दाबते, बाहेर फेकते आणि या खटाटोपात गाडीची ऊर्जा खर्च होते. जोडीला एक्झॉस्ट ब्रेक असला तर धुराची वाट अडवून इंजिन आणखी जड केले जाते. ही सगळी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. त्यांचे कामच ते आहे. जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला धडा देतात तो हाच: ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर.

न्यूट्रल मारले, म्हणजे इंजिनाचा चाकांशी संबंध तोडला, की मात्र सगळा भार ड्रमवर येतो. अशा ट्रेलरला दहा ड्रम धरले, एकेक पन्नासेक किलोचा, आणि वाटेत ते अजिबात थंड झाले नाहीत असे मानले, तर त्यांचे तापमान सहाशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्याने ते थोडे निवतात, पण तीन-साडेतीनशे अंशांपुढे लायनरची पकड सुटायला लागते. त्यातच ड्रम फुगतो. ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला की व्यास सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण लायनर बसवलेले ब्रेकचे शू आता आतून बाहेर जास्त अंतर सरकायला हवेत, आणि त्यांना ढकलणाऱ्या दांड्याची धाव ठरलेली असते. ब्रेकचे अ‍ॅडजस्टमेंट आधीच ढिले असेल तर दांडा शेवटापर्यंत जातो आणि शू ड्रमला जेमतेम टेकतात. ड्रायव्हर पूर्ण वजनाने पेडलवर उभा, आणि गाडी वेग घेते आहे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे हे हळूहळू कळत नाही. निम्म्या घाटापर्यंत ब्रेक ठणठणीत लागतात, म्हणून तर न्यूट्रलची सवय टिकते.

इंजिनच बंद केले तर आणखी भर पडते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. पेडल दाबाल तसतशी ती संपते. दाब फारच उतरला की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जावेत अशी रचना असते, पण फुगलेल्या ड्रमपुढे स्प्रिंगही लंगडी पडते. पॉवर स्टिअरिंग गेलेले असतेच. चाळीस टन हाताने वळवायचे.

पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालवाहू ट्रकने पुढच्या कित्येक गाड्या उडवल्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत सलग उतार आहे. सुरुवातीला सगळीकडे आले, "ब्रेक फेल". नंतर पोलिसांनी प्राथमिक तपासावरून सांगितले की इंधन वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केले होते. दोन्ही वाक्ये एकाच अपघाताबद्दल आहेत, पण पहिल्यात दोष नशिबाचा आणि दुसऱ्यात ड्रायव्हरचा. मला दोन्ही अपुरी वाटतात. डिझेल वाचवून त्या ड्रायव्हरला काय मिळणार होते, हे कोणीच विचारले नाही.

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पुष्कळ ठिकाणी ट्रिपचे डिझेल 'अ‍ॅव्हरेज'वर ठरते. गाडी इतक्या लिटरमध्ये गेली पाहिजे. कमी लागले तर वाचलेले ड्रायव्हरचे, जास्त लागले तर त्याच्या पगारातून किंवा भत्त्यातून वजा. पगार बेताचा असतो, त्यामुळे वाचलेल्या डिझेलवर घर चालते. अशा माणसाला घाट हा फुकटचा रस्ता वाटला तर त्यात नवल काय? 'न्यूट्रल मारू नका' असा फलक घाटाच्या तोंडाशी लावता येतो. पण ऑफिसातली वही रोज उलटे सांगत असते, आणि भत्ता फलकावरून मिळत नाही.

गंमत अशी की तीव्र उतारावर हा हिशेबही चुकीचाच आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणेच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यापुरते डिझेल पीतच राहते. सौम्य चढउताराच्या रस्त्यावर गाडी मोकळी सोडून थोडी बचत होते हे खरे, आणि सवय तिथूनच लागली असावी. पण जिथे ब्रेक दाबावाच लागतो अशा घाटात न्यूट्रल म्हणजे डिझेलही जाळायचे आणि लायनरही. हे किती मालकांनी ड्रायव्हरला समजावून सांगितले असेल?

सुरक्षिततेच्या अभ्यासात 'सेफ्टी कल्चर' हा शब्द १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर रुळला. शब्द जड आहे, पण मी त्याची एक गावठी परीक्षा करतो: वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचे पुढे काय होते? ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हा संवाद कधीतरी कानावर पडतोच.

"शेठ, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढतीय."

"तेवढी नाशिकची ट्रिप मारून ये, मग गॅरेजला लावू."

"घाट हाय ना शेठ मधी."

"अरे, कालच्या ट्रिपला होता ना घाट? आलास ना नीट?"

शेवटच्या वाक्यात सगळे आले. काल काही झाले नाही, म्हणजे आजही होणार नाही. थोडक्यात वाचलेला प्रत्येक प्रसंग हा खरे तर फुकटात मिळालेला इशारा असतो, पण आपल्याकडे तो गाडी मजबूत असल्याचा पुरावा ठरतो, किंवा पुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या खात्यावर जमा होतो. ड्रायव्हरही सांगत नाही. सांगितले की "तूच नीट चालवत नाहीस" हे ऐकावे लागते, आणि गाडी गॅरेजला लागली की तेवढ्या दिवसांचा भत्ता बुडतो.

कारखान्यात यंत्रात हात सापडला तर कारखाना निरीक्षक येतो; यंत्राला जाळी होती का, शिफ्ट किती तासांची होती, हे विचारतो. ट्रक हे ड्रायव्हरचे कामाचे ठिकाण आहे, पण तिथे अपघात झाला की पोलीस येतात आणि वाहतूक अपघाताची नोंद होते. तपास स्टिअरिंगपाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तो भारतीय न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून. अपघात करून पळणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. पण त्या दिवसांतल्या चर्चेत ड्रायव्हरला किती वर्षे द्यायची यावर जेवढी तोंडे चालली, तेवढी तो किती तास जागा होता यावर चालली नाहीत.

जागरणाचा तर मोजलेला हिशेब आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हात आणि डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. भारतात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला, दिवसभर माल भरून घेण्यात उन्हात ताटकळलेला आणि रात्री दहाला गाडी काढणारा ड्रायव्हर थेंबभरही न पिता त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. नाक्यावर फुंकायला लावले तर यंत्र शून्य दाखवेल. पहाटे दोन ते पाच हा शरीराच्या घड्याळाचा सर्वांत मंद काळ. तेव्हा तीन सेकंदांची डुलकी लागली तर साठच्या वेगाने गाडी पन्नास मीटर आंधळी जाते. पूर्वी शेजारी क्लीनर असायचा, तो बडबड करून जागे ठेवायचा. खर्च वाचवायला आता कित्येक गाड्यांवर तो उरलेलाच नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्यावर फार तर दहा, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे लिहून ठेवले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक उदंड, आणि मालकच ड्रायव्हर असलेलेही पुष्कळ. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते आणि केबिनमधले टॅकोग्राफ नावाचे यंत्र ते नोंदवते. यंत्राशी हुज्जत घालता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. आपल्याकडे २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे बरे झाले. उन्हाळ्यात इंजिनाशेजारच्या त्या पत्र्याच्या खोलीत दुपारी कोण झोपणार होते?

मला त्याहून पटलेली कल्पना ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत लागू असलेल्या जड वाहन कायद्यातली आहे. तिथे जबाबदारीची साखळी धरतात. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, उतरवून घेणारा, सगळे त्यात येतात. 'सकाळी सहाला गाडी गोदामात पाहिजे' असे सांगणाऱ्याला ते अंतर कायदेशीर वेगात आणि विश्रांती धरून कापता येते का, याचे उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे हाच हुकूम फोनवरून सुटतो आणि फोन ठेवला की त्याचा मागमूस राहत नाही.

एका गाडीमालकाला मी ओळखतो. आठ गाड्या आहेत. कोणत्याही कायद्याची वाट न बघता त्याने दोन गोष्टी केल्या. घाटाच्या ट्रिपना डिझेलचे अ‍ॅव्हरेज सैल केले आणि वाचलेल्या डिझेलऐवजी ठरलेला घाटभत्ता द्यायला लागला. वर्षाला खर्च किती वाढला ते त्याने मला सांगितले नाही, पण लायनरचे बिल कमी आले हे दोनदा सांगितले. दुसरी गोष्ट म्हणजे ऑफिसच्या दाराशी सुतळीने बांधलेली एक वही: गाडीत जे खटकेल ते लिहा, नाव नको. दोन महिने वही कोरी राहिली. तो वैतागून ती काढणारच होता.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पहिल्या पानावर पेन्सिलीने एक ओळ आलेली दिसली. गाडीचा नंबर, आणि पुढे, 'मागचा डावा ड्रम वास मारतो'. खाली सही नव्हती.