‘काहीतरी करून घेतलं’ म्हणजे नेमकं काय?

“मॅडम, पोरीनं काहीतरी करून घेतलंय.”

शाळेत समुपदेशक म्हणून काम करायला लागल्यापासून हे वाक्य मी फोनवर अनेकदा ऐकलंय. दर वेळी पहिलं अर्धं मिनिट मला कळत नाही, की ही आई दवाखान्याच्या दारातून बोलतेय की घरच्या स्वयंपाकघरातून. कारण हे ‘काहीतरी’ दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. पहिली गोष्ट म्हणजे मनातलं असह्य काही सहन व्हावं म्हणून स्वतःच्या शरीराला केलेली इजा. दुसरी म्हणजे जीव देण्याचा प्रयत्न. घराघरातल्या मराठीत या दोन्हींना वेगळी नावं नाहीत, आणि नाव नसल्यामुळे घरातली माणसं मुलाशी नेमकी उलट वागून बसतात.

एका आठवीतल्या मुलीचं सांगते. तिची ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत. एप्रिलच्या उन्हातसुद्धा तिच्या अंगात गणवेशावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर असायचा. रविवारी आई डोक्याला तेल लावत होती, तेव्हा बाही वर सरकली. “हे काय गं?” “मांजरानं ओरबाडलं.” घरात मांजर नव्हतं. संध्याकाळपर्यंत आजीनं ‘पोरगी जीव देणार’ म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, काकांनी ‘लाड जास्त झालेत, नाटकं आहेत सगळी’ असा निकाल दिला होता आणि वडिलांनी तिच्या खोलीची कडी काढून फोन ताब्यात घेतला होता. ‘हे कशामुळे झालं?’ एवढं मात्र कुणीच विचारलं नव्हतं. पुढचे चार दिवस ती घरात एक शब्द बोलली नाही.

आजी आणि काका, दोघंही चुकले होते. त्यातही आजीची चूक मला कमी धोक्याची वाटते.

आधी इजेबद्दल. ही सवय बहुतेकांना बारा-चौदाव्या वर्षाच्या आसपास लागते. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार मरायचा हेतू नसताना कधी ना कधी स्वतःला इजा केलेल्या किशोरवयीनांचं प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. मुलं हे का करतात, याची उत्तरं त्यांच्याकडूनच ऐकावीत. एक म्हणते, डोक्यात सगळे एकदम बोलायला लागतात. दुसरा म्हणतो, काहीच जाणवत नव्हतं, आपण आहोत की नाही तेही कळेना. तिसरीला स्वतःला शिक्षा द्यायची असते. चौथ्याला शब्दांत सांगता येत नाही, तेच अंगावर उमटतं. या सगळ्यांना समान असते ती मनातली उकळी, जी त्या क्षणी दुसऱ्या कशानं खाली बसत नाही. त्यातून मिळणारा आराम काही मिनिटांचा असतो. मग लाज येते, लपवाछपवी सुरू होते, त्या लाजेचाच ताण चढतो आणि चक्र पुन्हा फिरतं.

‘लक्ष वेधायला करतात’ हे वाक्य मी पालकसभेत हमखास ऐकते. मी विचारते, लक्ष वेधायचं असतं तर मुलीनं भर उन्हाळ्यात स्वेटर का घातला असता? बहुतेक मुलं हे जिवापाड लपवतात. आणि एखाद्यानं मुद्दाम दाखवलंच, तर त्याला आपलं लक्ष हवं आहे हेच त्यातून कळतं. ते द्यावं. तहान लागली म्हणून पाणी मागणाऱ्याला आपण नाटकी म्हणत नाही.

मुलग्यांचं आणखी वेगळं. रागाच्या भरात भिंतीवर मूठ आपटून बोटं सुजवून घेतलेला दहावीतला मुलगा घरच्यांच्या लेखी ‘तापट’ असतो, बापावर गेलेला असतो. त्याच्याकडे या नजरेनं कुणी पाहतच नाही.

आता दुसरी गोष्ट. जीव देण्याच्या प्रयत्नात हेतू निराळा असतो. पहिल्यात मूल सहन करता यावं म्हणून काहीतरी करतं, दुसऱ्यात त्याला सहन करणंच संपवायचं असतं. पण तिथेही मन एकसंध नसतं. मरावंसं वाटणं आणि कुणीतरी थांबवावंसं वाटणं, दोन्ही एकाच वेळी असतं. शिवाय या वयात विचार आणि कृती यांच्यामधला वेळ फार थोडा असू शकतो, काही वेळा मिनिटांचा. म्हणूनच घरातली औषधं आणि शेतीची रसायनं कुलपात ठेवणं, किल्ली मोठ्यांकडे असणं, याला मी फार किंमत देते. ती लाट ओसरेपर्यंत मध्ये एक कुलूप असलं, तरी जीव वाचतो.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शास्त्रालाही नीट मांडायला वेळ लागला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत, आत्महत्येचा हेतू नसलेली इजा पहिल्यांदाच स्वतंत्रपणे नोंदवली गेली. तीही ‘अजून अभ्यास हवा’ अशा यादीत.

इथे एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय हा फरक समजून काही उपयोग नाही. गोष्टी वेगळ्या असल्या तरी माणूस एकच असतो. ज्या मुलानं आज फक्त सहन होण्यासाठी इजा केली, त्याच्या मनात महिन्याभरानं मरणाचा विचार येऊ शकतो. पुढे आत्महत्येचा प्रयत्न होण्याचा धोका ओळखण्यासाठी ज्या खुणा पाहिल्या जातात, त्यात वारंवार होणारी इजा ही ठळक खूण आहे. म्हणून ‘मरायचं नव्हतं ना, मग ठीक आहे’ असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. काकांची चूक जास्त धोक्याची वाटते ती यामुळेच.

आणि जखम बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. किरकोळ दिसणाऱ्या ओरखड्यामागे मरायचा पक्का विचार असू शकतो, आणि टाके पडलेल्या मुलाला मरायचं नव्हतं असंही असतं. प्रश्नावली भरून घेऊन, गुण काढून धोका ‘कमी’ की ‘जास्त’ हे ठरवण्याचाही भरवसा नाही. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच म्हटलं, की पुढचं भाकीत करण्यासाठी अशी मोजमापं वापरू नका, त्या माणसाच्या गरजा समजून घ्या.

मग कळणार कसं? विचारून. दर वेळी, नव्यानं विचारून.

हा प्रश्न तोंडातून बाहेर पडायला जड जातो, मलाही सुरुवातीला जायचा. आपण विचारतो ते असं: “तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?” यात ‘नाही’ हे उत्तर आपणच आधी देऊन ठेवलेलं असतं. मूल मान हलवतं, आपल्याला हायसं वाटतं, विषय संपतो. त्याऐवजी असं विचारावं: “हे केलंस तेव्हा मरावंसं वाटत होतं का? आत्ता वाटतंय का? कसं करायचं, याचा विचार मनात येतो का?” सरळ, हळू आवाजात, शेजारी बसून. समोरासमोर बसलं की मुलांना चौकशी चालल्यासारखं वाटतं. गाडीवर मागे बसलेलं असताना किंवा भाजी निवडताना पुष्कळ मुलं जास्त बोलतात. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. यावर अभ्यास झालेत आणि थेट विचारल्यानं धोका वाढत नाही हे दिसून आलंय. उलट ज्याच्या मनात ते असतं, त्याला पहिल्यांदाच ते कुणाजवळ तरी ठेवता येतं.

उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘माहीत नाही’ असं खाली बघत आलं, तर त्या क्षणापासून मुलाला एकटं सोडू नये. काही गिळलं असल्याची शंका जरी आली, तरी मूल चांगलं चालतंय-बोलतंय यावर विसंबू नये. लगेच दवाखाना, गाडी नसेल तर १०८. पुष्कळ घरं पोलिसांच्या भीतीनं इथे मौल्यवान वेळ घालवतात. दवाखाना पोलिसांना कळवू शकतो, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं. तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलंच नाही. डॉक्टरांना खरं सांगा. ‘चुकून झालं’ असं सांगितलं तर जखमेवर उपचार होतात आणि मूल त्याच मनानं घरी येतं.

घरी आल्यानंतरचे आठवडे सगळ्यात नाजूक असतात. नातेवाईक भेटून जातात, शाळा सुरू होते, सगळ्यांना वाटतं संपलं. तेव्हाच मानसोपचारतज्ज्ञांची पुढची तारीख चुकवू नये.

उत्तर ‘नाही, मरायचं नव्हतं’ असं आलं, तर वागणं निराळं असतं, आणि माझ्या मते पालकांना हेच जास्त अवघड जातं. कारण इथे धावपळ करून काही होत नाही. आधी जखम शांतपणे धुवावी, गरज असेल तर डॉक्टरांना दाखवावी. चेहऱ्यावर किळस किंवा संताप दिसू न देणं, हेच त्या दिवशीचं अर्धं काम. मग एवढंच म्हणावं: “तुला इतका त्रास होत होता, मला कळलं नाही. आता कळलंय. सावकाश सांग.” आईची शपथ घालू नये, ‘पुन्हा करणार नाही’ असं लिहून घेऊ नये. ताणाशी दोन हात करायचा मुलाकडे असलेला एकमेव उपाय आपण काढून घेतो आणि त्या जागी काहीच देत नाही. मग ते इजा थांबवत नाही, फक्त आपल्याला सांगणं थांबवतं. शपथ मोडल्याची लाज वर आणखी.

खोलीची कडी काढण्याबद्दलही असंच. धारदार वस्तू हाताशी राहू नयेत हे बरोबर. पण रोज हात तपासणं, दप्तर उलटं करणं, चुलत भावंडांसमोर बाह्या वर करायला लावणं ही झडती झाली. काळजी घेणं आणि झडती घेणं यातला फरक मुलांना लगेच कळतो.

त्या जागी द्यायचं काय, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला मार्शा लिनेहान यांच्या कामात सापडतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सतत मरणाच्या विचारात असणाऱ्या स्त्रियांसाठी एक उपचारपद्धती घडवली. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या नावानं ती ओळखली जाते. त्यात माणसाला कौशल्यं शिकवतात: लाट आली की ती अंगावर कशी घ्यायची, भावनेला नाव कसं द्यायचं, हवं ते मागायचं कसं. किशोरवयीनांवर नॉर्वेत आणि अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत तिनं इजेचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. २०११ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या. मोठ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं.

प्रत्येक तालुक्याला डीबीटी शिकलेला माणूस मिळणार नाही, हे मी जाणते. पण लाट चढून उतरते, हे घरीही शिकवता येतं. पंधरा मिनिटं पुढे ढकलायची. तेवढ्यात तोंडावर गार पाण्याचे हबके, जिना भरभर चढणं-उतरणं, एखाद्याला फोन. मनगटावर रबर ओढून सोडण्यासारखे उपाय समाजमाध्यमांवर फिरतात, ते मी सुचवत नाही. शेवटी तीही शिक्षाच. चोवीस तास बोलता येईल असा क्रमांक हवा असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे: १४४१६, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना १०९८ वरही मदत मिळते.

मुलांनी गुपित राखायची अट घातली, तर ‘कुणालाच सांगणार नाही’ असं मी कधी म्हणत नाही. “तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला सांगावं लागेल, पण काय आणि कुणाला, ते आपण दोघी मिळून ठरवू” असं म्हणते. कधी इजेच्या मुळाशी घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाकडून होणारा लैंगिक अत्याचार निघतो. तिथे पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारकच आहे, आणि दिलेला शब्द मोडला तर ते मूल पुन्हा कुणाजवळ बोलणार नाही. मैत्रिणीचं असं गुपित मनात घेऊन झोप उडालेल्या मुलीही माझ्याकडे येतात. त्यांना म्हणते, मोठ्या माणसाला सांगणं ही चहाडी नाही.

स्वेटरवाल्या मुलीची आई पाचव्या दिवशी शाळेत आली. कसं विचारायचं, याचा आम्ही दोघींनी माझ्या खोलीत अक्षरशः सराव केला. ‘मरावंसं’ हा शब्द तिच्या तोंडून तिसऱ्या खेपेला निघाला आणि ती रडली. पुढच्या रविवारी तेल लावताना, मागे बसून, तिनं मुलीला तो प्रश्न विचारला. बराच वेळ गेला. मग उत्तर आलं, “मरायचं नाहीये गं आई. फक्त हे सगळं थोडा वेळ थांबायला हवं होतं.” ‘हे सगळं’ म्हणजे काय, ते कळायला पुढचे दोन महिने लागले. त्यात वर्गातल्या मुलींचा एक ग्रुप होता, गणित होतं आणि आई-बाबांची रात्रीची भांडणंही होती. वडील पहिल्या दोन भेटींना आले नाहीत, तिसऱ्या भेटीला आले.

आता तिच्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात पाच ओळी आहेत. लाट येतेय हे कशावरून ओळखायचं, मग काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा. फोनच्या ओळीत आधी आत्या आहे, मग आई, मग १४४१६. जूनमध्ये तिनं खाली आणखी एक नाव लिहिलं, बाबा, आणि कंसात ‘जागे असतील तर’.