ग्राहकयादीची एक ओळ आणि तिच्या पोटातलं जुनं डेस्कटॉप

क्विकबुक्स ऑनलाइन या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली ग्राहकांची यादी कोडमधून मागवायला आज एक ओळ पुरते: ‘सिलेक्ट स्टार फ्रॉम कस्टमर’. साडेतीनशे ग्राहकांच्या कंपनीवर ती चालवली की उत्तरात मोजून शंभर येतात. एरर नाही, इशारा नाही. किती हवेत ते सांगणारं ‘मॅक्सरिझल्ट्स’ लिहिलं नाही तर शंभर, लिहिलं तरी एका खेपेला हजारच. पुढच्यांसाठी ‘स्टार्टपोझिशन’ सरकवत राहायचं. हे एकदा कळलं की सुटतं. बाकीचे चकवे जास्त मुरलेले आहेत, कारण ते डेस्कटॉपच्या काळापासून चालत आलेत.

इंट्यूट कंपनीने क्विकबुक्स आणलं १९९२ मध्ये. सगळा हिशेब ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, एका फाइलमध्ये. ग्राहक बाहेर काढायचे तर टॅबने तोडलेली आयआयएफ फाइल एक्सपोर्ट करायची. दोन हजारच्या दशकात क्यूबीएक्सएमएल ही क्विकबुक्सशी बोलायची भाषा आली आणि दुसऱ्या प्रोग्रामला थेट विचारता येऊ लागलं. पण वेबसाइटला त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येईना, मध्ये बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल. यावर काढलेली युक्ती मला अजूनही आवडते. वेब कनेक्टर नावाचा छोटा प्रोग्राम ऑफिसातच बसायचा आणि ठरावीक वेळाने तोच सर्व्हरला विचारायचा, ‘काही काम आहे का?’ सर्व्हर ग्राहकांची चौकशी त्याच्या हाती द्यायचा, तो क्विकबुक्सकडून उत्तर घेऊन पुन्हा सर्व्हरकडे जायचा. माहिती हवी सर्व्हरला, हेलपाटे मात्र याला.

त्या यादीत ग्राहकाच्या पोटात ‘जॉब’ असत. ठेकेदाराचा एक ग्राहक, त्याची दोन कामं: स्वयंपाकघर आणि गच्ची. नाव लिहायचं ते ग्राहक, कोलन, काम असं. ऑनलाइनच्या एपीआयमध्येही, म्हणजे कोडने माहिती मागायच्या दारातही, हे जॉब ग्राहक म्हणूनच येतात. ‘जॉब’ ट्रू असतं आणि ‘पेरेंटरेफ’मध्ये मूळ ग्राहकाचा आयडी. ते न बघता मोजलं तर एका माणसाचे तीन ग्राहक होतात. कोलन या जोडणीतच खर्ची पडला, त्यामुळे ग्राहकाच्या नावात तो चालत नाही. शिवाय ग्राहक, पुरवठादार, कर्मचारी या तिघांत मिळून एक नाव एकदाच. ज्याला माल विकतो त्याच्याकडूनच कधी घेतोही, अशा बाजारात मग नावाला काहीतरी शेपूट जोडावं लागतं. ग्राहक पुसताही येत नाही. पुसला तर त्याची जुनी बिलं कुणाच्या नावावर ठेवणार? म्हणून ‘ॲक्टिव्ह’ फॉल्स करायचं. आणि असे ग्राहक साध्या चौकशीत येतच नाहीत, ट्रू आणि फॉल्स दोन्ही मुद्दाम मागावे लागतात. जुनी येणी जुळवताना नेमके हेच निसटतात.

परवानगीचा भाग वेगळ्या वाटेने आला. पूर्वी एका सेवेतला डेटा दुसरीला द्यायचा म्हणजे बऱ्याचदा सरळ पासवर्डच द्यायचा. पासवर्ड न देता परवानगी द्यायची ओऑथ ही पद्धत आली २००७ मध्ये, तिची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये प्रमाण ठरली, आणि इंट्यूटने नव्या ॲपना ती २०१७ मध्ये लावली. त्यात मिळणारं ॲक्सेस टोकन, म्हणजे डेटा मागायचा तात्पुरता परवाना, तासभर चालतं. ते नवं करून देणारं रिफ्रेश टोकन वापरात राहिलं तर ठीक. बरीच वर्षं नियम असा होता की शंभर दिवस कुणी फिरकलंच नाही तर मालकाला पुन्हा लॉगिन करून परवानगी द्यायला लावायची.

भारतातली क्विकबुक्सची सेवा इंट्यूटने २०२३ मध्ये आवरती घेतली. इथल्या लहान धंद्यांचा हिशेब तसाही मुख्यतः टॅलीत. टॅलीला ग्राहक अशी वेगळी यादीच माहीत नाही. ‘संड्री डेटर्स’ या ग्रुपखाली जी लेजर, म्हणजे खाती, पडतात तेच ग्राहक. मागायची पद्धतही वेगळी: एक्सएमएल लिहून त्याच कॉम्प्युटरच्या ९००० पोर्टवर पाठवायचं. दुकानात टॅली उघडलेलं नसेल तर उत्तर येत नाही, आणि मग कोड बाजूला ठेवून आधी दुकानात फोन लावावा लागतो: ‘दादा, टॅली चालू करता का जरा?’