तिखट ही जिभेची चव नव्हे

शेवभाजीच्या पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आले की ती 'चवीला तिखट' आहे असे जळगाव-धुळ्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि आयुर्वेदातील षड्रसांत (सहा रसांत) कटू म्हणजे तिखट रसाची गणना असल्याने या समजाला जुना आधारही मिळालेला आहे. शरीरशास्त्रानुसार मात्र गोड, आंबट, खारट, कडू व उमामी (मांस-मशरूमसारखी रुचकर चव) या चवी जिभेवरील रुचिकलिका ओळखतात, तर तिखटाची जाणीव तापमान आणि वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंना होते. भरितासाठी हिरव्या मिरच्या कुटणाऱ्या हातांचीही आग होते. तळहातावर तर रुचिकलिका नसतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये या चेतातंतूंवरील टीआरपीव्ही-१ हा ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, शोधला. तो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढील उष्णतेने उघडतो. परंतु मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे रसायन त्याला चिकटले की तो शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही उघडतो, कॅल्शियम व सोडियमचे आयन आत शिरतात आणि तोंड प्रत्यक्षात भाजलेले नसतानाही मेंदूला भाजल्याचा संदेश पोहोचतो. घाम फुटतो तो याच फसगतीमुळे. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. पटापुटियन यांनी दाब व स्पर्श टिपणारे पिएझो ग्राही शोधले होते.

कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा जास्त झाल्यास पाण्याचा तांब्या तोंडाला लावणे मात्र फारसे उपयोगाचे नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दह्यातील केसीन प्रथिन त्याला धरून ठेवते.