समुद्राच्या सॅटेलाइट फाइल्स इमेज सॉफ्टवेअरमध्ये उघडणं

सॅटेलाइटवरून मोजलेलं समुद्राचं तापमान, क्लोरोफिल (पाण्यातल्या शेवाळाचं हिरवं द्रव्य), पाण्याचा गढूळपणा वगैरे डेटा इमेजजे, क्यूजीआयएस, एन्व्ही, सीडॅस असल्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा आणि माउस ठेवला त्या पिक्सेलचा खरा आकडा वाचता आला पाहिजे, असं हे काम. पुण्याला समुद्र नाही पण हे काम इथे भरपूर चालतं, पाषाणला आयआयटीएम ही १९६२ पासूनची हवामान संशोधन संस्था आहे, विद्यापीठात भूगोल आणि वातावरण-अवकाश विज्ञानाचे विभाग आहेत, आणि प्रोजेक्टला अरबी समुद्र घेणारे विद्यार्थी दरवर्षी असतातच. 'फाइल लोड होत नाहीये' ही तक्रार सगळ्यांची एकच, पण आतली दुखणी वेगवेगळी.

मूळ मुद्दा असा की ही फाइल फोटो नसतेच. जेपीजीत एक चित्र असतं, इथे एकाच फाइलमध्ये आकड्यांचे बरेच तक्ते, अक्षांश-रेखांश, दर्जाचे फ्लॅग (पिक्सेल ढगाचा, जमिनीचा वगैरे सांगणाऱ्या खुणा) आणि प्रत्येक तक्ता कसा वाचायचा त्याची माहिती, सगळं एकत्र भरलेलं असतं. फॉरमॅट मुख्यतः तीन: एचडीएफ४, एचडीएफ५ आणि नेटसीडीएफ. यात गंमत म्हणजे नेटसीडीएफ४ ची फाइल आतून एचडीएफ५ च असते, आणि एचडीएफ४ नि एचडीएफ५ मात्र नावापुरतेच भाऊ, एक वाचणारं सॉफ्टवेअर दुसरं वाचेलच असं नाही. नासाच्या जुन्या सीविफ्स सेन्सरच्या (१९९७ ते २०१०) आणि अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस सेन्सरच्या (२००२ पासून) फाइल्स आधी एचडीएफ४ मध्ये यायच्या, नंतर सगळा डेटा पुन्हा प्रोसेस करून नेटसीडीएफ४ मध्ये दिला, त्यामुळे लॅबच्या हार्ड डिस्कवर सीनियर लोकांनी ठेवलेल्या फाइल्स आणि आज उतरवलेल्या फाइल्स एकाच पद्धतीने उघडत नाहीत.

आधी फाइल खरी आहे का ते बघावं. नासाच्या साइटवर अर्थडेटाचं लॉगिन लागतं, स्क्रिप्टने डाउनलोड करताना ते दिलं नाही तर नाव डॉट एनसी असलेली पण आत लॉगिनचं वेबपेज असलेली काही केबींची फाइल येते आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या बसतात. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये सुरुवात बघितली तरी कळतं: पहिल्या चिन्हानंतर एचडीएफ अशी रोमन अक्षरं दिसली तर एचडीएफ५ किंवा नेटसीडीएफ४, सुरुवातीलाच सीडीएफ दिसलं तर जुनं नेटसीडीएफ, आणि एचटीएमएल दिसलं तर परत डाउनलोड.

दुसरी गोष्ट लेव्हल, म्हणजे डेटावर किती प्रक्रिया झाली आहे ते. लेव्हल २ म्हणजे सॅटेलाइटने जसा पट्टा बघितला तसा, त्यात प्रत्येक पिक्सेलचे अक्षांश-रेखांश वेगळ्या तक्त्यात असतात. मोडिसचा पट्टा २३३० किमी रुंद, एक फाइल पाच मिनिटांची. अ‍ॅक्वा दुपारी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, म्हणून पहिली ओळ दक्षिणेची, आणि नकाशावर न बसवता नुसतं चित्र उघडलं तर केरळ वर आणि गुजरात खाली दिसतं. फाइल बिघडलेली नाही, फक्त जिओरेफरन्सिंग झालेलं नाही.

लेव्हल ३ मध्ये दोन प्रकार आणि इथे बहुतेकजण अडकतात. बिन्ड फाइल ही चित्र नाहीच, ९ किमीच्या ग्रिडला पृथ्वीचे ५९,४०,४२२ समान क्षेत्रफळाचे कप्पे करून फक्त ज्यात डेटा आहे त्यांची लांबलचक यादी असते, ती इमेजजेमध्ये कशीही उघडा, काही दिसणार नाही. मॅप्ड फाइल घ्यावी, ती सरळ आयत असते, ९ किमीला ४३२० × २१६०, ४ किमीला ८६४० × ४३२०. क्यूजीआयएसमध्ये ती टाकली की आतला कुठला तक्ता हवा ते विचारतं, तिथे क्लोरोफिलऐवजी पॅलेट (नुसता रंगांचा तक्ता) निवडलं तर जगाच्या नकाशाऐवजी चिंचोळी पट्टी येते.

आता उघडली समजा, तरी आकडे खरे नसतात. जागा वाचवायला डेटा पूर्णांकात ठेवतात आणि गुणक वेगळा लिहितात. मोडिसच्या मॅप्ड तापमानात गुणक ०.००५, म्हणजे पिक्सेलवर ५६०० असेल तर २८ अंश सेल्सिअस. डेटा नाही तिथे −३२७६७, तो वगळला नाही तर सरासरी कुठच्या कुठे जाते. जुन्या सीविफ्सच्या मॅप्ड फाइलचा हिशोब अजून वेगळा, ती ८ बिटची, क्लोरोफिल काढायला पिक्सेलला ०.०१५ ने गुणायचं, त्यातून २ वजा करायचे आणि येईल तो दहाचा घात घ्यायचा. पिक्सेल १०० असेल तर घात −०.५, म्हणजे सुमारे ०.३२ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. २५५ म्हणजे डेटा नाही. हे माहीत नसलेला माणूस २५५ ला भरपूर शेवाळ समजतो.

इमेजजेमध्ये 'रॉ' म्हणून, म्हणजे फॉरमॅट न ओळखता नुसते बाइट वाचून, फाइल घेणाऱ्यांचा एक खास घोळ असतो तो बाइटच्या क्रमाचा. जुन्या फॉरमॅटमध्ये मोठा बाइट आधी, आपल्या इंटेलच्या मशीनवर छोटा आधी. ५६०० चे दोन बाइट उलटे वाचले तर −८१७१ मिळतात, ०.००५ ने गुणले की −४०.८६ अंश, अरबी समुद्रात! इम्पोर्टच्या खिडकीत लिटल एंडियनची (छोटा बाइट आधी) खूण काढली की झालं. पण नेटसीडीएफ४ ला ही युक्ती चालत नाही, त्यात डेटा तुकड्यातुकड्यांनी कॉम्प्रेस केलेला असतो, रॉ उघडला की नुसती मुंग्यांची रांग. त्याला एचडीएफ५ चं प्लगइन लागतं नाहीतर आधी जीडॅल या फॉरमॅट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने जिओटिफ (अक्षांश-रेखांशासकट चित्राची फाइल) करून घ्यावं, माझ्या मते दुसरं सोपं.

सगळं बरोबर करूनही चित्र काळं आलं तर महिना बघा. जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यावर ढगच ढग, आणि रंग मोजणाऱ्या सेन्सरला ढगाखालचं काही दिसत नाही, तिथे फाइल रिकामीच असणार. लेव्हल २ च्या फ्लॅगमध्ये ५१२ हा बिट ढग किंवा बर्फाचा आणि २ हा जमिनीचा, ते तपासले की कळतं. दुसरं कारण म्हणजे क्लोरोफिल उघड्या समुद्रात ०.१ आणि किनाऱ्याला १० असं शंभर पट बदलतं, साध्या स्केलवर सगळं काळंच दिसतं, लॉग स्केल लावायचं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर नुसतं आत काय आहे बघायला नासाचं पॅनॉप्ली पुरेसं. सीडॅस समुद्रासाठीच केलेलं असल्यामुळे फ्लॅग, गुणक वगैरे आपोआप समजून घेतं, पण त्याचा प्रोसेसिंगचा भाग थेट विंडोजवर चालत नाही, लिनक्स किंवा मॅक लागतो. इमेजजे मुळात जीवशास्त्र-वैद्यकातले फोटो मोजायला केलेलं, भोवऱ्यांचं क्षेत्रफळ मोजायला मस्त आहे पण त्याला अक्षांश-रेखांश कळत नाहीत. आणि जे सॉफ्टवेअर एरर देतं ते परवडलं, गपचूप चुकीचा आकडा दाखवणारं जास्त घातक.

आपल्याकडचा डेटाही असाच. इस्रोचा ईओएस-०६ म्हणजे ओशनसॅट-३ (नोव्हेंबर २०२२), त्यावरच्या ओसीएम या समुद्राचा रंग मोजणाऱ्या सेन्सरला १३ बँड (रंगपट्टे) आहेत, डेटा इस्रोच्या भूनिधी साइटवर मिळतो, इन्सॅट उपग्रहांचा इस्रोच्याच मॉसडॅक साइटवर एचडीएफ५ मध्ये. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था कोकणातल्या मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याचा जो सल्ला देते तो अशाच तापमान नि क्लोरोफिलच्या फाइल्सवरून. शेवटचं बारीकसं, फाइल 'नवीन फोल्डर' अशा मराठी नावाच्या फोल्डरमध्ये असेल तर विंडोजवर जुन्या लायब्ररींना ती सापडतच नाही, सी ड्राइव्हवर छोट्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून परत बघावं.