माळवदी घर आणि सौर छप्पर : सोलापूर जिल्ह्यातील ग्रामीण घरबांधणी

सोलापूर जिल्ह्याच्या खेड्यात घर बांधायचे तर पहिला विचार उन्हाचा करावा लागतो. जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याची मदार बरीचशी परतीच्या पावसावर असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. ऊन घरात शिरू द्यायचे नाही आणि छपरावर पडलेल्या उन्हातून वीज करायची, अशी ही दोन अंगांची विद्या आहे. सध्या बोलबाला दुसऱ्या अंगाचा आहे. पण भिंत आणि छप्परच तापत असेल, तर तयार झालेली वीज पंखे आणि कूलर फिरवण्यातच खर्ची पडते.

पहिले अंग या भागाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. माळवद, म्हणजेच धाब्याचे घर, हे त्याचे रूप. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर काटक्या व पाला आणि सर्वांत वर गावठाणातल्या पांढऱ्या मातीचा जाड, चोपून बसवलेला थर. ही माती पावसात फुगून भेगा मिटवते, म्हणून छप्पर सहसा गळत नाही. मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर चढून गवत उपटणे, नवी माती पसरणे आणि पन्हळी मोकळ्या करणे चुकत नाही. उजेडासाठी व चुलीच्या धुरासाठी माळवदाला झरोका ठेवतात. सर आली की घरातले कुणीतरी धावत वर जाऊन त्यावर परात पालथी घालते. जाड भिंतीतून दुपारचा ताव आत पोचेपर्यंत रात्र होते. खाली शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी, पुढे सोपा (ओसरी) आणि अंगणात कडुनिंब असला, की भर उन्हाळ्यातही दुपार निभावते.

या परंपरेला तडा गेला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. हादरे सोलापुरातही जाणवले, आणि माळवदाखाली झोपायची भीती कायमची बसली. लोक पत्र्याकडे आणि सिमेंटच्या स्लॅबकडे वळले. खरे पाहता भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत न गुंतवणे, आरपार जाणारे दगड न घालणे, कोपरे न बांधणे आणि अशा सुट्या भिंतींवर टनावारी माती चढवणे हे घातक ठरले. दोष मात्र सरसकट मातीच्या माथी मारला गेला आणि गारवा देणारी एक पद्धत दुरुस्त होण्याऐवजी टाकून दिली गेली. हे या भागाचे मोठे नुकसान आहे. पत्र्याचे घर मे महिन्यात दुपारी राहण्याजोगे नसते; स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो.

आज बांधताना दोन्हींतले चांगले घेता येते. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया त्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा हवा. भिंतीसाठी मुरमाड मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या विटा चालतात; निव्वळ काळ्या मातीच्या मात्र नाहीत, त्या तडकतात. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या रॅट-ट्रॅप रचनेत सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे राखेच्या विटांचा पर्यायही जवळचा आहे. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. हजार चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला सुमारे ४०,००० लिटर पाणी साठवता येते.

सौर पॅनेल स्टँडवर उंच बसवले, की स्लॅबवर सावलीही पडते. सोलापूरचे अक्षांश साधारण साडेसतरा अंश असल्याने पॅनेल दक्षिणेकडे तितकेच कलते ठेवतात. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात. साध्या घराला तेवढे पुरते. पॅनेल तापले की वीज घटते, म्हणून खालून वारा खेळता हवा. धूळ पहाटे पुसावी, तीही शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्याने; बोअरच्या पाण्याने क्षाराचे डाग धरतात.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. गावकऱ्यांना आधीच सांगायला हवी अशी एक गोष्ट म्हणजे, नेट मीटरवरचा, म्हणजे जादा वीज सार्वजनिक तारांत सोडून तिची वजावट मिळवणारा साधा संच लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी ती सोय असते. जिथे भारनियमन नेहमीचे आहे, तिथे बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो महाग पडतो.

पंतप्रधान आवास योजनेचे ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असते, म्हणजे १ किलोवॉटचा संच त्यावर सहज बसतो. स्टँडचे बोल्ट स्लॅब ओततानाच बसवून घ्यावेत आणि वर जायला जिना ठेवावा. नंतर भोके पाडलेला स्लॅब पहिल्याच मोठ्या पावसात गळू लागतो, आणि जिना नसलेल्या घरावरचे पॅनेल कुणी पुसत नाही.