वर्गातला गोंधळ आणि कोर्टाची पायरी

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील एका शाळेत बीजगणिताचा तास चालू होता. मोबाइलवरून झालेल्या वादात एका विद्यार्थिनीने वर्गाबाहेर जाण्यास नकार दिला. शिक्षकांनी सांगून पाहिले, मग शाळेच्या प्रशासकांनी सांगून पाहिले, तरी ती जागेवरून उठेना. तेव्हा शाळेत नेमलेल्या पोलिसाला बोलावण्यात आले आणि त्याने तिला बाकासकट मागे उलटवून फरशीवरून फरफटत नेले. हे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. त्यात फारसे न दिसलेली गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. त्या मुलीला तर अटक झालीच, पण या प्रकाराला मोठ्याने हरकत घेणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीलाही झाली. दोघींवरचा आरोप एकच होता: शाळेत व्यत्यय आणणे.

या कायद्याचे मूळ १९१९ सालचे आहे. मुलींच्या शिक्षणसंस्थांच्या आवारात घुटमळणाऱ्या पुरुषांना आवर घालण्यासाठी तो आणला गेला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि ‘कोणत्याही प्रकारे’ शाळेत व्यत्यय आणणे किंवा तेथे ‘त्रासदायक’ रीतीने वागणे हा खुद्द विद्यार्थ्यांसाठीही गुन्हा ठरला. शिक्षा १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ९० दिवसांपर्यंत कैद. किशोरवयात कधीही ‘त्रासदायक’ न वागलेला माणूस शोधूनही सापडणार नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते.

शिक्षेचा धाक असला की मुले वळणावर राहतात, ही समजूत सर्वत्र रुजलेली आहे. ती किती खरी आहे हे तपासायचे, तर आधी त्या वयातल्या मेंदूकडे पाहावे लागते. भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित असलेली मेंदूतील जाळी वयात येतानाच तीव्रतेने काम करू लागतात. परंतु त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. म्हणून सोळा वर्षांचा मुलगा शांतपणे, वेळ घेऊन विचार करताना प्रौढाइतकाच समंजस निर्णय घेऊ शकतो, पण रागाच्या किंवा अपमानाच्या क्षणी तो तितका सावरू शकत नाही. अकरा देशांतील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला आहे.

यात सोबत्यांच्या उपस्थितीची भर पडते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात संगणकावरची मोटार चालवताना पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की आणखी थोडे पुढे जायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते. एकट्याने खेळताना किशोरवयीन मुले आणि प्रौढ यांच्यात फार अंतर नव्हते. मात्र बरोबरीची दोन मुले शेजारी बसली की किशोरांनी पत्करलेला धोका झपाट्याने वाढला, तर प्रौढांवर त्याचा जवळजवळ परिणाम झाला नाही. आता वर्गाचा विचार करावा. तिथे दोन नव्हे, पंचवीस-तीस सोबती पाहत असतात, आणि त्या सर्वांसमोर ‘ऊठ, बाहेर हो’ असे फर्मान सुटते. माघार घेणे सर्वांत कठीण असते त्याच क्षणी आपण मुलाकडे माघार मागतो. अटक होऊ शकते हे त्याला ठाऊक नसते असे नाही. त्या क्षणी ते ठाऊक असणे कामाला येत नाही, इतकेच. जो शिक्षक बाकाजवळ जाऊन, आवाज खाली आणून, ‘तास संपल्यावर आपण दोघे बोलू’ असे सांगतो, तो नकळत हा प्रेक्षकवर्गच बाजूला करतो.

शिक्षा कठोर असण्यापेक्षा ती नक्की होणार आणि लवकर होणार याचाच वागणुकीवर अधिक परिणाम होतो, हे गुन्हेशास्त्रातील बऱ्यापैकी पक्क्या निष्कर्षांपैकी एक. खटला नेमका उलटा असतो. आज केलेल्या उद्धटपणाची सुनावणी काही आठवड्यांनी होते, आणि तोवर मुलाच्या लेखी गुन्हा मागे पडून फक्त अपमान उरलेला असतो.

प्रत्यक्ष परिणामांचे पुरावेही याच दिशेने जातात. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २९ नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत सात हजारांहून अधिक अल्पवयीन मुले होती. काहींवर रीतसर न्यायालयीन कारवाई झाली, तर काहींना समज देऊन सोडले किंवा समुपदेशनासारख्या सेवेकडे पाठवले गेले. कारवाईमुळे पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट किंचित वाढण्याकडेच कल दिसला. गॅरी स्वीटन यांच्या २००६ च्या अभ्यासात शाळेच्या वयात प्रथमच अटक झालेल्या मुलांची शिक्षण सोडण्याची शक्यता जवळपास दुपटीने वाढलेली आढळली, आणि कोर्टाची पायरी चढावी लागलेल्यांची सुमारे चौपटीने. अटक झालेली मुले आधीपासूनच अडचणीत असतात, असा आक्षेप इथे घेता येतो आणि तो रास्त आहे. संशोधकाने शक्य तेवढे फरक लक्षात घेऊनच हे गणित मांडले होते.

न्याय्यतेचा प्रश्न याहून खोल जातो. गुन्ह्याची व्याख्या जितकी सैल, तितका निर्णय समोरच्या मोठ्या माणसाच्या नजरेवर अवलंबून राहतो. २०१५-१६ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेतील शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी १५ टक्के होते, पण पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा अटक झालेल्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण ३१ टक्के होते. दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनापूर्वीसुद्धा मुलाला आरोप सांगून त्याची बाजू ऐकली पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच ठरवून दिले होते. आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटले, तर निर्णय विरोधात गेला तरी माणसे तो अधिक स्वीकारतात. मुलेही याला अपवाद नाहीत.

याचा अर्थ गैरवर्तनाकडे काणाडोळा करावा असा नाही. तास बुडतो तो इतर मुलांचा, आणि शिक्षकालाही सुरक्षितपणे शिकवता आले पाहिजे. शस्त्र आणणे किंवा गंभीर मारहाण या बाबतीत पोलीस आणि न्यायालय लागणारच. प्रश्न खालच्या पायऱ्यांचा आहे. जॉर्जिया राज्यातील क्लेटन काउंटीचे बालन्यायाधीश स्टीव्हन टेस्के यांनी २००४ मध्ये शाळा आणि पोलीस यांच्यात एक लेखी करार घडवून आणला. किरकोळ प्रकारांसाठी पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी वाद मिटवण्याचे प्रशिक्षण, आणि तिसऱ्या वेळी न्यायालयाकडे तक्रार. शाळांकडून न्यायालयात येणारी प्रकरणे त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातील मधल्या इयत्तांच्या पाच शाळांमध्ये काही शिक्षकांना, विद्यार्थ्याच्या वागण्यामागचे कारण समजून घेऊन शिस्त कशी लावावी, यावर विचार करायला लावणारे छोटे ऑनलाइन पाठ देण्यात आले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत निलंबित होणाऱ्यांचे प्रमाण ४.८ टक्के राहिले, तर हे पाठ न मिळालेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ते ९.६ टक्के होते. पिट्सबर्गमध्ये समेटावर भर देणाऱ्या पद्धतीने निलंबने कमी झाली, पण मधल्या इयत्तांतील मुलांची शैक्षणिक कामगिरी घसरली, हेही नोंदवलेच पाहिजे. शिक्षेच्या जागी काय आणायचे, यावर कष्ट घ्यावे लागतात. नुसती शिक्षा काढून घेऊन भागत नाही.

साउथ कॅरोलायनातील त्या दोघी मुलींवरचे आरोप २०१६ मध्ये मागे घेण्यात आले. २०१८ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि तो ज्या-त्या शाळेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना लागू होणार नाही असे ठरवले. ज्यांच्यावर पूर्वी आरोप लागले होते, त्यांच्या नावापुढची नोंद मात्र कायम होती. त्यासाठी या कायद्याला आव्हान देणारा खटला पुढे चालू राहिला. शेवटी २०२३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने, कोणते वागणे गुन्हा आहे हे कळूच नये इतका हा कायदा संदिग्ध होता म्हणून विद्यार्थ्यांपुरता घटनाबाह्य ठरवणारा खालच्या न्यायालयाचा निकाल कायम केला, आणि त्या जुन्या नोंदी जपून ठेवण्यावरची मनाईही कायम ठेवली. तोवर मोबाइलवरून झालेल्या त्या वादाला सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता.